गावाकडे शनिवार-रविवार केमिकल बायॉलॉजीची छोटी परिषद भरवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नुकतीच प्रयोगशाळा थाटलेल्या एका प्राध्यापकांना शहराबाहेर, शनिवार-रविवार धरून, साधारण ६० जणांची केमिकल बायॉलॉजीची, म्हणजे रेणू वापरून पेशींचं काम उलगडणाऱ्या विषयाची, निवासी परिषद घ्यायची आहे. निम्मे रसायनवाले, निम्मे जीवशास्त्रवाले. जागा कुठे घ्यावी, कार्यक्रम कसा आखावा, खर्च किती येतो आणि नेमकं काय फसतं, असं त्यांनी विचारलं आहे.

६० हा आकडा योग्य आहे, तो वाढू देऊ नका. ८०च्या पुढे गेलं की जेवायला प्रत्येक संस्थेचा वेगळा घोळका बसतो आणि दोन दिवसांत कुणाची कुणाशी नवी ओळख होत नाही. ४०च्या खाली गेलं तर पोस्टरसमोर उभं राहायला माणसंच उरत नाहीत. वाटणी साधारण अशी ठेवा: ६ निमंत्रित वक्ते, २० प्रयोगशाळाप्रमुख आणि कंपन्यांतले संशोधक, ३४ पीएच.डी.चे विद्यार्थी व पोस्टडॉक. एका प्रयोगशाळेतून तिघांपेक्षा जास्त जण घेऊ नका. हा नियम पहिल्या पत्रातच लिहा. नंतर सांगितला तर माणसं दुखावतात.

परिषद गावाकडे घेण्यामागे एकच सबळ कारण आहे: जेवणानंतर कुणी उठून घरी किंवा लॅबमध्ये जाऊ शकत नाही. नील गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९३१ पासून अमेरिकेत चालत आलेल्या गॉर्डन परिषदांनी हे सूत्र रुजवलं. सकाळी आणि रात्री व्याख्यानं, दुपार मोकळी, जे दाखवलं ते खोलीबाहेर न्यायचं नाही. आपल्याकडे टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) मंडळींनी १९७०च्या दशकात सुरू केलेली महाबळेश्वरची परिसंवादमालाही याच वळणाची. त्यामुळे जागा निवडताना निसर्ग दुय्यम आहे. ६० माणसं एकाच आवारात झोपतील, जेवतील आणि बोलतील का, हे आधी बघा. खोल्या दोन वेगळ्या रिसॉर्टमध्ये विभागाव्या लागत असतील तर ती जागा सोडून द्या.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि पुणे-मुंबईच्या आसपासची सगळी रिसॉर्टं शनिवार-रविवारी लग्नांना जातात. दर चढतात ते चढतातच, शिवाय शेजारच्या लॉनवर संगीत असेल तर रात्रीचं सत्र बुडालं म्हणून समजा. पौषात लग्नं कमी असतात, हवा थंड असते, त्यामुळे जानेवारीतला पौषात येणारा एखादा शनिवार-रविवार उत्तम. संक्रांतीच्या लगतचा मात्र टाळा. दुसरा पर्याय पितृपंधरवडा. हॉल रिकामे असतात, दर उतरलेले असतात आणि पाऊसही ओसरत आलेला असतो. फक्त ज्यांच्या घरी त्या दिवसाची तिथी आहे ते येणार नाहीत, हे धरून चाला. जून ते ऑगस्ट मुळीच नको: घाटात दरडी, धुकं, वारंवार जाणारी वीज आणि लोणावळ्याच्या बाजूला पर्यटकांची रांग. फेब्रुवारीचे पहिले दोन शनिवार-रविवार बहुधा गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेत जातात, आणि पर्यवेक्षणाला तुमचेच प्राध्यापक लागतात.

वक्ते पुण्या-मुंबईचे असतील तर कामशेत, कर्जत किंवा वाईचा परिसर सोयीचा. कामशेतला पुणे-लोणावळा लोकल थांबते आणि कर्जतला मुंबईची लोकल जाते. विद्यार्थ्यांचा खर्च यामुळे बराच वाचतो. शुक्रवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर बोरघाटात गाड्या तुंबतात, म्हणून मुंबईची बस दुपारी २ च्या आत सुटली पाहिजे. मोठी ५० आसनी बस घेऊ नका, शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या गावरस्त्यावर ती वळत नाही. दोन मिनीबस बऱ्या. चालकांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय करारात लिहून घ्या, नाहीतर रविवारी, आदली रात्रभर न झोपलेला माणूस तुमच्या विद्यार्थ्यांना घाट उतरवत असेल.

जागा पाहायला जाल तेव्हा खोल्यांपेक्षा हॉलमध्ये जास्त वेळ घालवा. दुपारी १२ वाजता जा, पडदे ओढा, प्रोजेक्टर लावायला सांगा आणि स्वतःची एक स्लाइड दाखवा: त्यावर एक फिकट पट्टा असलेला वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यात ठरावीक प्रथिन किती आहे ते पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं चित्र) आणि काळ्या पार्श्वभूमीवरचं फ्लुओरेसन्सचं चित्र असू द्या. लग्नाचे फोटो दाखवायला ठेवलेल्या प्रोजेक्टरवर हे दोन्ही दिसत नाही आणि आपल्या विषयात तर अर्धा वाद त्या फिकट पट्ट्यावरच असतो. किमान ४००० लुमेनचा प्रोजेक्टर हवा, खिडक्या झाकता येत नसतील तर ५००० चा. पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर असावी. त्याखाली असेल तर तिसऱ्या रांगेपासून मागच्यांना स्लाइडचा तळ, म्हणजे नेमका आलेखाच्या अक्षावरचा मजकूर, दिसत नाही. हॉलच्या मध्यभागी खांब असेल तर दुसरा हॉल बघा.

विजेचा हिशेब सोपा आहे. प्रोजेक्टर ३५० वॅट, लॅपटॉप १०० वॅट, ध्वनियंत्रणा १५० ते २०० वॅट, म्हणजे एकूण सुमारे ६५० वॅट. त्याला १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस पुरतो. जनरेटर सगळीकडे असतो, पण वीज गेल्यापासून तो भार उचलेपर्यंत १० ते ३० सेकंद जातात. तेवढ्यात दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडतो आणि थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत पाच-सात मिनिटं घेतो, म्हणजे एका वक्त्याचा एक तृतीयांश वेळ गेला. यूपीएसवर चहाची किटली किंवा पंखा कुणी जोडणार नाही एवढं बघायला एका विद्यार्थ्याला तिथे बसवा. इंटरनेटवर काहीच अवलंबून ठेवू नका. परदेशातला वक्ता ऑनलाइन घेण्याचा मोह आवरा. घ्यायचाच असेल तर व्याख्यान आधी ध्वनिचित्रमुद्रित करून मागवा आणि फक्त प्रश्नोत्तरं फोनवर करा.

सगळी सादरीकरणं एकाच लॅपटॉपवर, आदल्या रात्री. मॅकवर बनवलेल्या पॉवरपॉइंटमधल्या, केमड्रॉ या सॉफ्टवेअरने काढलेल्या रेणूंच्या रचना विंडोजवर कधीकधी गायब होतात आणि जागी रिकामी चौकट उरते. म्हणून प्रत्येकाकडून पीडीएफसुद्धा घ्या. रेणूच नसलेलं केमिकल बायॉलॉजीचं व्याख्यान ऐकण्यात काही अर्थ नाही. १० मीटरची एचडीएमआय केबल, यूएसबी-सीचे दोन अडॅप्टर, कॉर्डलेस माइकचे जास्तीचे सेल आणि स्लाइड बदलायचा जादा रिमोट, हे सगळं स्वतः न्या.

आता कार्यक्रम. शुक्रवारी ७ पर्यंत सगळे पोहोचले की लगेच एक ४५ मिनिटांचं व्याख्यान, मग ८ ला जेवण. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांची ओळख हे सगळं वगळा. त्यात ४० मिनिटं जातात आणि ती चर्चेतूनच कापली जातात. स्वागत ५ मिनिटांत उरकतं. शनिवारी ८:४५ ते १०:२५ चार व्याख्यानं, अर्धा तास चहा, १०:५५ ते १२:३५ आणखी चार. दुपारी जेवणानंतर ४:३० पर्यंत काहीही ठेवू नका. ५ ते ७ पोस्टर, ८ ला जेवण, ९ ला फळ्यावरचं सत्र. रविवारी सकाळी चार व्याख्यानं, चहा, तासभर खुली चर्चा, १२:३० ला जेवण आणि १:४५ ला बस. रविवारी संध्याकाळच्या परतीच्या गर्दीआधी शहरात पोहोचायचं तर यापेक्षा उशीर चालत नाही.

प्रत्येक व्याख्यानाला २५ मिनिटं: १५ बोलायला, १० चर्चेला. वक्ता लांबला तर त्याचं बोलणं थांबवा, चर्चेचा वेळ तसाच राहू द्या. सत्राध्यक्षाला हे आधी सांगून ठेवा आणि त्या जागेवर भिडस्त माणूस बसवू नका. प्रत्येक व्याख्यानासाठी दोन प्रश्नकर्ते आधीच नेमा आणि ते समोरच्या विषयाचे असू द्यात: जीवशास्त्रज्ञाच्या व्याख्यानाला रसायनवाला विद्यार्थी, रसायनवाल्याच्या व्याख्यानाला पेशींवर काम करणारी विद्यार्थिनी. त्यांना गोषवारा बुधवारपर्यंत मिळायला हवा. नेमलेले प्रश्नकर्ते नसले की पहिले पाच मिनिटं पुढच्या रांगेतले दोन ज्येष्ठ एकमेकांशी बोलतात आणि विद्यार्थी गप्प बसतात.

या परिषदेचा खरा कस गोषवाऱ्याच्या नमुन्यात लागतो, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. सर्वसाधारण परिषदेत २५० शब्द आणि एक चित्र मागतात. त्याने काहीच कळत नाही. तुम्ही एक पानाचा तक्ता द्या आणि रकाने सक्तीचे करा. रेणू वापरला असेल तर त्याची पूर्ण रचना. 'कंपाउंड ७' एवढंच लिहिलेलं चालणार नाही. शुद्धता किती आणि कशाने मोजली, एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) ९५ टक्के किंवा जास्त अशी अपेक्षा धरा. पेशींना किती मात्रा दिली, किती तास, आणि माध्यमात डीएमएसओ, म्हणजे रेणू ज्यात विरघळवतात तो द्रव, किती टक्के होतं. ०.१ टक्का सहसा निर्धोक, १ टक्क्यावर कितीतरी पेशी स्वतःहूनच वेगळ्या वागू लागतात. केवळ डीएमएसओ दिलेला नियंत्रण प्रयोग आहे की नाही. निष्क्रिय जोडीदार रेणू, म्हणजे रचना जवळजवळ तीच पण लक्ष्याला (ज्या प्रथिनावर रेणूने काम करायचं त्याला) न चिकटणारा, वापरला का. लक्ष्य प्रथिनाचं जनुक काढून टाकल्यावर परिणाम नाहीसा होतो का.

रासायनिक प्रोब, म्हणजे एखाद्या प्रथिनाचं काम तपासायचं साधन, म्हणून एखादा रेणू मांडला जात असेल तर प्रचलित निकष समोर ठेवा: शुद्ध प्रथिनावर १०० नॅनोमोलरपेक्षा कमी मात्रेत परिणाम, जवळच्या प्रथिनांपेक्षा किमान ३० पट निवडकपणा, पेशीत १ मायक्रोमोलरच्या आत लक्ष्यावर परिणाम झाल्याचा पुरावा. प्रथिनावर ५० नॅनोमोलरला काम करणारा रेणू पेशींवर २० मायक्रोमोलर (म्हणजे २०,००० नॅनोमोलर) ओतून निष्कर्ष काढलेले दिसतात. ४०० पट मात्रेत तो आणखी कशाकशाला चिकटतो हे कुणी विचारायचं? हा प्रश्न रसायनवाल्याच्या तोंडी सहज येतो आणि जीवशास्त्राच्या विभागातल्या बैठकीत तो क्वचितच विचारला जातो. दोन्ही बाजूंना दोन दिवस एकत्र बसवायचं ते यासाठीच.

क्लिक रसायनाचं, म्हणजे दोन रेणू झटपट आणि नेमके जोडणाऱ्या, बहुधा तांब्याच्या मदतीने होणाऱ्या अभिक्रियांचं काम आता प्रत्येक अशा परिषदेत असतं. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना मिळालं तेही याच कामासाठी. तिथे विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. प्रोब न घातलेला नमुना कुठे आहे? तांबं न घातलेला कुठे आहे? मूळ, खूण न लावलेला रेणू आधी दिल्यावर पट्टा फिका होतो का? जिवंत पेशींत तांबं चालत नाही म्हणून तांब्याशिवायच जोडला जाणारा, ताण असलेला सायक्लोऑक्टाइन वापरला असेल, तर तो प्रथिनातल्या सिस्टीनच्या गंधकयुक्त गटाशीही (थायॉलशी) जोडला जातो, ती पार्श्वभूमी कशी वजा केली? एका टोकाने लक्ष्य प्रथिन आणि दुसऱ्या टोकाने लायगेज (प्रथिनावर नष्ट करण्याची खूण लावणारं एन्झाइम) पकडून ते प्रथिन नष्ट करवणाऱ्या प्रोटॅक रेणूंचं काम असेल तर एका मात्रेचा ब्लॉट स्वीकारू नका. मात्रा फार वाढली की लक्ष्याला एक रेणू आणि लायगेजला दुसराच रेणू पकडतो, तिघांचं एकत्र येणं थांबतं आणि परिणाम उलट कमी होतो. म्हणून मात्रांची पूर्ण मालिका हवी, प्रोटिआसोम (पेशीतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा) बंद केल्यावर प्रथिन परत दिसलं पाहिजे, आणि लायगेजला न चिकटणारा जोडीदारही हवा. व्हीएचएल या लायगेजवर बेतलेल्या रेणूत हायड्रॉक्सीप्रोलीनवरच्या हायड्रॉक्सिलची दिशा उलटवून तो मिळतो.

शनिवारी रात्रीचं फळ्यावरचं सत्र वगळू नका. स्लाइड नाही, फक्त ६ बाय ४ फुटांचा पांढरा फळा आणि नवे मार्कर. रिसॉर्टमधले वाळलेले असतात. तीन जणांनी प्रत्येकी १५ मिनिटांत आपला अडलेला प्रश्न मांडायचा. उदाहरणार्थ, पेशींवर अनेक रेणूंची चाळणी करून सापडलेला एक रेणू, परिणाम पक्का, पण लक्ष्य प्रथिन माहीत नाही. मग कुणी म्हणेल रेणूला अल्काइन (क्लिक रसायनाने पकडता येणारा छोटा गट) जोडून त्याला चिकटलेली प्रथिनं ओढून काढा, कुणी म्हणेल प्रथिनांचं औष्णिक स्थैर्य मोजा, कुणी म्हणेल प्रतिकारक पेशी वाढवून त्यांचा जीनोम वाचा. यात अल्काइन कुठे बसवला तर क्रियाशीलता टिकेल, हे सांगणारा रसायनवाला त्याच खोलीत असतो. असे प्रश्न मांडायला वक्त्यांपैकी नको, प्रयोगशाळा सुरू करून दोन-तीन वर्षं झालेले तरुण प्राध्यापक निवडा. त्यांना उत्तराची गरज असते.

पोस्टर २२ ठेवा, सम आणि विषम अशा दोन तुकड्या, प्रत्येकी ५० मिनिटं, मध्ये चहा. बोर्ड रिसॉर्टकडे नसतात. गावातल्या मंडपवाल्याकडून ८ बाय ४ फुटांच्या प्लायच्या ११ चौकटी उभ्या करून घ्या, दोन्ही बाजू वापरता येतात. दोन रांगांमध्ये किमान ६ फूट मोकळे ठेवा. लॉनवर लावू नका: संध्याकाळी वारा सुटतो, चौकटी पडतात, आणि दिवे लागले की कीटकांचे थवे पोस्टरवर बसतात. बंद व्हरांडा किंवा जेवणाचा हॉल बरा. आकार ए१ सांगा. ए० ची नळी लोकलमध्ये मोडते.

अप्रकाशित निष्कर्ष दाखवले जावेत अशी इच्छा असेल तर नियम पहिल्या रात्री मोठ्याने वाचा: फोटो नाही, समाजमाध्यमांवर मजकूर नाही, मांडणाऱ्याच्या परवानगीशिवाय उल्लेख नाही. तरीही पेटंटचा विचार असलेल्यांना आधी तात्पुरता अर्ज दाखल करूनच यायला सांगा. त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. नमुन्यांची देवाणघेवाण तिथे होऊ देऊ नका. बसमध्ये, बॅगेत, रिसॉर्टच्या फ्रिजमध्ये कुठलाही रेणू किंवा पेशी नको. ठरलं तर नंतर करार करून कुरियरने पाठवा.

जेवणात आचाऱ्याला पहिली गोष्ट सांगायची ती शेंगदाण्याची. आपल्याकडे कूट भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत सगळीकडे असतो, तेलही कधी शेंगदाण्याचं. ६० जणांत एखाद्याला ॲलर्जी असू शकते. नोंदणीच्या अर्जातच विचारा आणि त्या व्यक्तीचं जेवण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने. उपवास, जैन जेवण, मधुमेह यांचीही नोंद तिथेच. शनिवारी दुपारी पुरणपोळीचा बेत करू नका, तो रात्री. चहा दिवसाला ५ वेळा धरला तर ३०० कप, १०० मिलीचे, अर्धं दूध धरून १५ लिटर दूध. पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर, म्हणजे २० लिटरचे ९ जार रोज.

खोल्यांची यादी आठवडाभर आधी पाठवा. विद्यार्थी आणि त्याचा गाइड एका खोलीत नकोत. मुलींच्या खोल्या हॉलच्या जवळ, वाटेवर रात्रभर दिवे. संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीच्या (लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या) सदस्याचा फोन नंबर प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे छापा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी फोन करून सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का ते विचारा, १०८ ची रुग्णवाहिका तिथवर किती वेळात येते तेही. दुपारच्या मोकळ्या वेळात धरणाच्या पाण्यात उतरायला सक्त मनाई करा. पवना, मुळशी, पानशेत या पाणसाठ्यांत पोहता येणारी माणसंही बुडाली आहेत, कारण तळ एकदम खोल जातो आणि गाळात पाय अडकतो. कामशेतला असाल तर त्याऐवजी बेडशाच्या लेण्यांपर्यंत चढून या. तिथे मधमाश्यांची पोळी असली तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा.

खर्चाचा नमुना देतो. दर गृहीत धरलेले आहेत, तुमच्या दरपत्रकाप्रमाणे बदला. मुक्काम आणि जेवण माणशी दिवसाला ३५०० रुपये, ६० माणसं, २ रात्री: ४,२०,००० रुपये. बस ६०,०००. सहा वक्त्यांचा प्रवास ७२,०००. चौकटी, ध्वनियंत्रणा, यूपीएस ४०,०००. छपाई १०,०००. त्यावर १० टक्के अडीअडचणीला, म्हणजे एकूण साधारण ६,६२,०००. विद्यार्थ्यांकडून १५०० प्रमाणे ५१,००० आणि प्रमुखांकडून ५००० प्रमाणे १,००,००० जमतात. उरलेले ५ लाखांच्या वर कुठूनतरी आणावे लागतात: एएनआरएफ आणि डीबीटी या संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारी संस्था, तुमची संस्था, औषध आणि अभिकर्मक कंपन्या. सरकारी अनुदानाचा अर्ज सहा महिने आधी टाका. कंपनीला टेबल द्या, चहाच्या वेळी नाव द्या, व्याख्यानाची वेळ विकू नका. रिसॉर्टकडून जीएसटी धरून की सोडून, आणि माणसं कमी आली तर किती खोल्यांचे पैसे माफ, हे दोन मुद्दे लेखी घ्या. शेवटच्या आठवड्यात सहा-सात नावं गळतातच, त्यामुळे प्रतीक्षायादी पुण्यातल्या विद्यार्थ्यांची ठेवा, त्यांना एका दिवसाच्या सूचनेवर येता येतं.

सोमवारी बिलं घेऊन लेखा विभागात जा. संस्थेच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह नसलेलं बिल तिथे परत येतं, आणि मंडपवाला किंवा दूधवाला महिन्याभराने पक्कं बिल देत नाही. त्यांची बिलं रविवारी सकाळीच, पैसे देण्याआधी, हातात घ्या.